दहा हजारांचा फोन कसा तपासावा

अरे, फोनचं परीक्षण लिहिणार असशील तर डबा उघडला त्याच संध्याकाळी मत देऊ नकोस. नवा असताना कुठलाही फोन पळतो. आधी स्वतःचं सिम घालून दोन आठवडे वापर, व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे ग्रुप येऊ देत, स्टोरेज पाऊण भरू दे. मग बघ कीबोर्ड अडखळतो का.

माझी खरी परीक्षा ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या भाजी मार्केटात. दुपारचं ऊन, एका हातात पिशवी, मागे गर्दी आणि भाजीवाल्याचा क्यूआर प्लास्टिकखाली चमकतोय. स्कॅन व्हायला किती वेळ लागतो? पिन टाकताना आकडे दिसतात का? एका फोनचं मी घरात बसून भरपूर कौतुक केलं होतं आणि तिथे मेथीच्या जुडीसाठी स्क्रीनवर हाताची सावली धरून उभा राहिलो. ‘‘साहेब, सुट्टे नाहीत का?’’

कॅमेऱ्याचे ५० मेगापिक्सेल वाचून हुरळू नकोस; तो सहसा चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. रात्री तलावपाळीवर चालती माणसं टिपून बघ. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच तुकडा, ती खऱ्या रॅममध्ये धरायची नाही. स्टोरेज ईएमएमसी (संथ प्रकार) की यूएफएस (वेगवान प्रकार) हे मात्र जरूर लिही, अ‍ॅप उघडायचा वेग बराचसा तिथे ठरतो.

संध्याकाळी ठाणे स्टेशनात नेट रखडलं तर लगेच फोनला बोल लावू नकोस. त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन शेजारी धरून बघ. आणि आवाज कसा येतो ते आईला फोन लावून विचार, ती भीड ठेवत नाही.