साठ हजाराचा नक्षीचा सेट आणि तीन हजाराचा हप्ता

लोह्याहून एका दादांनी विचारलंय. वय 28, वडिलांसोबत चपला-बेल्टचं दुकान, दोघांचे मिळून महिन्याला 18-20 हजार सुटतात, आणि आता कातड्यावर नक्षी कोरायचं काम वाढवायचं म्हणून 60 हजाराचा चाळीस स्टॅम्पचा (कातड्यावर ठोकायच्या धातूच्या ठशांचा) इंपोर्टेड सेट घ्यायलेत, तेही पर्सनल लोनवर, 18 टक्के, 24 महिने. घेऊ का, म्हणतात.

दादा, सेट वाईट नाही पण लोनवर नका घेऊ. हप्ता बसतो 2,995, तीन हजारच धरा, दोन वर्षांत 12 हजाराच्या आसपास नुसतं व्याज. तुम्हीच लिहिलंय की साधा बेल्ट 350 ला जातो अन् नक्षीचा 900 ला, त्याला कातडं चांगलं लागतं म्हणून 150 जास्तीचे जातात. म्हणजे बेल्टमागे वरचे सुटले 400. नुसता हप्ता फेडायला महिन्याला आठ बेल्ट पाहिजेत, एकेकाला चार तास, आणि मागच्या दोन महिन्यांत मित्राची हत्यारं आणून असे बेल्ट विकले किती, तर तीन! पोळ्याला बैलांचे पट्टे, माळेगावच्या यात्रेत घोड्यांचे लगाम, तेव्हा गिऱ्हाईक येईल हे मान्य, पण हप्ता काय यात्रा बघून कापतात का, चैत्रात बी कापला जाणारच ना.

आता हत्याराचं. नांदेडला माझे एक क्लायंट हेच काम करतात, एकदा दुपारभर त्यांच्याजवळ बसलो होतो. स्पंजनं कातडं ओलं केलं आणि गप्प बसून राहिले, मी म्हटलं कामून थांबलात, तर म्हणे रंग परत यायलाय, तो जवळपास मूळचा झाला की मग सुरी. ती स्विव्हल नाइफ, वरच्या खोबणीत तर्जनी टेकवायची अन् अंगठा-मधल्या बोटानं दांडी फिरवत न्यायची, निम्म्या जाडीच्या आतच काप. मग कापाच्या एका बाजूनं बेव्हलर, म्हणजे कड दाबणारा स्टॅम्प, ठोकत गेले की फूल आपोआप वर उचललं जातं. सगळं फूल सहा स्टॅम्पात झालं, बाकीच्या डब्यावर धूळ होती.

म्हणून पैसा सुरीत घाला. स्वस्तातली सुरी ओल्या कातड्यात अडकते, रेघ फाटते, आणि कातडं एकदा कापलं की रबर लावून खोडता येत नाही. चांगली घ्या आणि धार लावायच्या हिरव्या पॉलिशवर रोज घासत जा, रापीला धार लावणाऱ्याला ते मी काय सांगू. स्टॅम्प मात्र बेव्हलर, पेअर शेडर (पाकळीला खोलगट सावली देणारा), बॅकग्राउंडर (फुलामागची जागा दाबणारा) आणि वर दोन-तीन, बास, पुढचा स्टॅम्प पुढच्या ऑर्डरच्या पैशातून. बॅकग्राउंडर तर जाड बोल्टचं टोक कानशीनं घासूनही बनवतात लोक. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, किचन ओटे बसवणाऱ्याकडे टाकाऊ पडलेला असतो. ठोकायला लाकडी मोगरी, लोखंडी हातोडी नको, स्टॅम्पचं डोकं पसरतं. हे सगळं 10 हजाराच्या आत बसवा, दुकानाच्याच गल्ल्यातून, दोन-तीन महिने लागले तरी चालतील.

खरा पैसा अडकणार आहे तो कातड्यात, हत्यारात नाही. नक्षी धरतं ते व्हेज टॅन, बाभळीच्या-तरवडीच्या सालीत कमावलेलं (आपल्याकडं बांधावर पिवळ्या फुलांची तरवड आहेच). बॅगांचं मऊ, क्रोमच्या रसायनात कमावलेलं कातडं ठसा धरतच नाही. घेताना कोपरा ओला करून नखानं दाबा, खूण राहिली तरच पैसे द्या. आणि पावसाळ्यात जास्तीचा माल भरू नका, बुरशी धरते.

उधारच पाहिजे असेल तर आधी पीएम विश्वकर्मा बघा, केंद्र सरकारची कारागिरांसाठीची योजना, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच. चर्मकार त्यातल्या 18 व्यवसायांत आहेत. टूलकिटला 15 हजारापर्यंतचं व्हाउचर, ट्रेनिंगमध्ये दिवसाला 500, आणि कर्ज 5 टक्क्यानं, पहिलं 1 लाखापर्यंत, 18 महिन्यांचं. व्हाउचरमध्ये नक्षीचे स्टॅम्प मिळतीलच असं मात्र धरून चालू नका. आणि लय महत्त्वाचं, एका कुटुंबात (नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं) एकालाच मिळतं, चालू मुद्रा लोन असलेल्याला नाही, पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. त्यामुळे सीएससीत (अर्ज भरायच्या सेवा केंद्रात) जायच्या आधी वडिलांच्या नावावर जुनं मुद्रा आहे का, फिटलं का, ते कळवा, मग नाव कोणाचं टाकायचं ते ठरवू.