जर्मनीत हात मिळवताना : जोर किती, नजर कुठे, पहिला हात कोणाचा

श्टुटगार्टला नोकरीवर रुजू व्हायच्या आधी तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत : हात किती जोराने मिळवायचा, समोर बाई असेल तर आपण हात पुढे करायचा का, आणि तुमच्या तळव्यांना घाम येतो त्याचं काय करायचं. मी बरीच वर्षं जर्मनीत आहे आणि आमच्या विभागात मुलाखती घ्यायलाही बसते, त्यामुळे हे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. जरा सविस्तरच लिहिते.

जोराची काळजी आधी सोडून द्या. ‘हात घट्ट मिळवा’ असं सगळीकडे वाचून मुलं येतात आणि समोरच्याची बोटं आवळतात. माझ्या मते खरी गडबड जोरात नसते, पकड अर्धवट पडते तिथे असते. हात पुढे करताना अंगठा वर आणि बाकी बोटांपासून लांब ठेवा. तुमच्या अंगठ्या-तर्जनीमधलं बेचकं समोरच्याच्या बेचक्याला टेकेपर्यंत हात आत जाऊ द्या आणि मगच बोटं मिटा. एवढं झालं की तळव्याला तळवा लागतो, आणि दाराची मूठ फिरवायला लागतो तेवढा जोर पुरतो. बोटं घाईने आधी मिटली तर समोरच्याच्या हातात तुमची नुसती चार बोटं येतात. मग तुम्ही कितीही दाबा, त्याला तो हात लुळाच लागतो. निघण्याआधी एखाद्या मित्राला समोर उभं करून हे बेचक्याचं तेवढं घोटून घ्या. हलवायचं कोपरापासून, दोनदा-तीनदा, आणि सोडायचं. मनगटातून झुलवायचं नाही.

दुसरी गोष्ट नजर, आणि जर्मनीत तिचं वजन फार आहे. मुलाखतीला उमेदवार आत येतो, आम्ही चौघं उभे असतो. तो पहिल्याचा हात हातात घेतो आणि डोळे तोवर दुसऱ्याकडे वळलेले असतात. चौघांशी असंच होतं. पकड चांगली, हात कोरडा, पण खुर्चीवर बसताना प्रत्येकाच्या मनात हेच की या माणसाने आपल्याकडे पाहिलंच नाही. म्हणून ज्याचा हात हातात आहे त्याच्याच डोळ्यांत बघा, आडनाव स्पष्ट सांगा, त्याचं आडनाव ऐका, आणि हात सुटल्यावरच पुढच्याकडे वळा. चार सेकंद जास्त लागतील, लागू देत. डावा हात खिशात असेल तर बाहेर काढा, बसलेले असाल तर उभे राहा. थंडीत हातमोजा काढून मग हात द्या.

या बाबतीत अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात विल्यम चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ११२ जणांचे हात पारखले. त्यासाठी चार परीक्षक मुद्दाम तयार केले होते. त्यांनी ज्याला ‘घट्ट’ हात म्हटलं त्यात पाच गोष्टी एकत्र धरल्या होत्या : जोर, उत्साह, किती वेळ धरला, नजर, आणि पकड पूर्ण होती की नाही. म्हणजे जोर हा पाचातला एक. असा हात देणारी माणसं मोकळी, बोलकी आणि कमी बुजरी निघाली, आणि परीक्षकांचं पहिलं मतही त्यांच्याबद्दल चांगलं झालं. २००८ साली आयोवा विद्यापीठाच्या ग्रेग स्टुअर्ट यांनी सराव-मुलाखतींमध्ये हेच तपासलं. चांगला हात देणाऱ्या विद्यार्थ्यांना नोकरीसाठी जास्त पसंती मिळाली, आणि याचा फायदा मुलांपेक्षा मुलींना अधिक झाला. तुमची बायको नंतर तिकडे नोकरी शोधणार आहे असं तुम्ही लिहिलंय, तिला हे आवर्जून सांगा.

आता कोणत्या हाताने काय वाटतं ते. हाडं मोडणारी पकड जर्मनीत कुणाला भारदस्त वाटत नाही. शक्तिप्रदर्शन चाललंय असं वाटतं, आणि समोरच्याच्या बोटात अंगठी किंवा सांध्यात दुखणं असेल तर तो तुम्हाला विसरणार नाही. तळवा जमिनीकडे करून वरून ठेवलेला हात हुकूम सोडल्यासारखा वाटतो. दोन्ही हातांत समोरच्याचा हात धरणं सांत्वनाला किंवा जुन्या स्नेह्याला शोभतं. पहिल्याच भेटीत ते अंगावर येतं. डावा हात उजव्या मनगटाला लावून वाकायची सवय असेल तर तीही तिकडे ठेवू नका. तुमच्या मनात आदर असतो, पण तिथल्या साहेबाला तुम्ही दबलेले दिसता, आणि जर्मन साहेबाला हाताखालच्या माणसाने ताठ उभं राहून मत मांडलेलं हवं असतं.

पहिला हात कोणाचा? कार्यालयात स्त्री-पुरुष हा प्रश्नच नाही, हुद्दा बघतात. वरच्या पदावरची व्यक्ती हात पुढे करते. मुलाखतीला तुम्ही पाहुणे, तेव्हा यजमानांचा हात येईपर्यंत थांबा. खासगी भेटीगाठीत वडीलधारी व्यक्ती किंवा बाई आधी हात देते. समोरून हात आला की तो बाईचा असो की पुरुषाचा, त्याच पकडीने आणि त्याच नजरेने घ्या. बाईचा हात म्हणून नुसती बोटं धरलीत तर तिला कमी लेखल्यासारखं होतं. मला अशी बोटं धरणारे सहकारी भेटले आहेत, आणि शेजारच्या पुरुषाशी ते पूर्ण हाताने भेटलेले पाहून दर वेळी खटकतं.

हे हलक्यात घेऊ नका, कारण यावर न्यायालयात निकाल झालेले आहेत. तुम्ही ज्या राज्यात जाताय त्या बाडेन-व्युर्टेमबर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० साली एका डॉक्टरला नागरिकत्वाचा हक्क नाकारला. नागरिकत्व परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण होते, पण प्रमाणपत्र देणाऱ्या महिला अधिकाऱ्याशी हात मिळवायला त्याने धार्मिक कारणाने नकार दिला होता. डेन्मार्कने तर २०१९ पासून नागरिकत्वाच्या समारंभात हात मिळवणं कायद्यानेच आवश्यक केलं. हा आग्रह कितपत योग्य यावर तिकडेही वाद आहे, मलाही तो टोकाचा वाटतो. पण स्त्री आणि पुरुष दोघांना सारखाच हात, याला तिथे समतेची खूण मानतात, हे जाणून जा.

रोजच्या कामात एवढा सोहळा नसतो. बैठकीच्या खोलीत आधीच दहा-बारा जण बसलेले असतील तर टेबलावर बोटांच्या सांध्यांनी दोनदा टकटक करायची. सगळ्यांना मिळून नमस्कार झाला. विद्यापीठात व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी असंच बाक वाजवतात, ती दाद असते. चार-पाच जण उभे असतील तर मात्र प्रत्येकाशी हात मिळवतात, आणि दोन जणांच्या हातांवरून आडवा हात घालत नाहीत. तसे हात ओलांडणं अपशकुनी मानतात. जाताना पुन्हा हात मिळवतात. नुसता हात हलवून निघून जाणं पहिल्या काही भेटींत तुटक वाटतं.

कोरोनानंतर थोडा फरक पडलाय. २ मार्च २०२० ला गृहमंत्री झेहोफर यांनी खुद्द चान्सेलर मेर्केल यांना हात द्यायचं टाळलं आणि त्या हसल्या, ते दृश्य जगभर गेलं. हात मिळवणं आता बऱ्यापैकी परत आलंय, पण काही डॉक्टर आणि काही सहकारी अजून देत नाहीत. समोरून हात आला नाही तर आपला पुढे रेटू नका; मान किंचित झुकवा, नजर द्या, आडनाव सांगा. तुम्हाला सर्दी झाली असेल तर ‘मला सर्दी आहे, आज हात देत नाही’ असं सरळ सांगा. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

घामाचं शेवटी ठेवलं कारण त्याची धास्ती तुम्हाला सगळ्यात जास्त दिसते. वर सांगितलेल्या अलाबामाच्या अभ्यासात हात कोरडा की ओला हेही नोंदवलं होतं, पण ‘घट्ट’ हाताच्या त्या पाच गोष्टींत ते धरलेलं नाही. पूर्ण पकड आणि सरळ नजर असेल तर किंचित दमट तळवा कुणी लक्षात ठेवत नाही. तरी मुलाखतीच्या आधी हात गार पाण्याने धुऊन नीट कोरडे करा, क्रीम लावू नका, आणि वाट बघत बसताना मुठी मिटून ठेवू नका. उजव्या खिशात सुती रुमाल ठेवा आणि उठता उठता हात त्यावर सहज दाबा. समारंभात थंड पेयाचा ग्लास डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा हात ओला आणि गारठलेला राहणार नाही. घाम फारच येत असेल, कागद भिजण्याइतका, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तळव्यांच्या अतिघामावर उपचार आहेत, आणि जायच्या आधी सुरू केलेत तर पहिल्या दिवसापर्यंत फरक पडायला वेळ मिळेल.