नऊ लाख घेऊन खोली सोडायची का?

प्रश्न थोडक्यात: अलिबागच्या एका जुन्या वाडीत सासऱ्यांच्या वेळेपासून भाड्याने राहणाऱ्या ताईंचं पत्र आहे. वाडी मुंबईच्या पार्टीने विकत घेतली. खोली सोडायला नऊ लाख देऊ म्हणतात, त्यातले चार रोख. ताई शाळेत क्लार्क, पगार 21 हजार. यजमानांची मिनीडोर (प्रवासी रिक्षा), सरासरी 20 हजार. सासूबाई बाजारात सुकी मासळी विकून महिन्याला सातेक हजार आणतात. शिल्लक तीन लाख. अलिबागलगतच्या चेंढऱ्यात 32 लाखांचा तयार वन बीएचके घ्यावा, की पोयनाडकडे सहा लाखांत दोन गुंठे घेऊन हळूहळू बांधावं?

ताई,

नऊ लाखांवर एवढ्यात सही करू नका. जागा विकली गेली म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर पडत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो एवढंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांकडे भाडेहक्क येऊ शकतो. सासऱ्यांच्या नावाच्या भाडेपावत्या, जुनी वीजबिलं, रेशनकार्ड एका पिशवीत घाला आणि दिवाणी दावे चालवणाऱ्या वकिलाला दाखवा. नवा मालक भाडं घेईनासा झाला तरी दर महिन्याला बँकेतून पाठवत राहा. थकबाकी हे त्याच्या हातातलं सगळ्यात सोपं हत्यार असतं. आणि वाडीत आठ बिऱ्हाडं आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर आठही जण एकाच वकिलाकडे जा. एकेकट्याला गाठून सौदा केला की भाव पडतो, हे समोरच्याला पक्कं ठाऊक आहे.

आता पोयनाडचे गुंठे. स्वस्त दिसतात, पण शेतजमिनीतला तुकडा साठेखतावर (म्हणजे विक्रीच्या नुसत्या करारावर) किंवा नोटरीवर घेतला तर सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही. शेतकरी नसाल तर शेतजमीन घेण्यातच अडचण, आणि अशा तुकड्यावर बँक कर्जही देणार नाही. कागदपत्रांपेक्षाही मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य महत्त्वाचं वाटलं. "आई म्हणतात, इथून हललो तर म्हावरं कुठं विकू?" हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी त्याचाच हिशेब आधी मांडला. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे महिन्याचे सात हजार हा आठ लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला. सासूबाई काही वीस वर्षं टोपली घेऊन बसणार नाहीत. पण आणखी आठ वर्षं जरी धरली, तरी त्या कमाईची आजची किंमत पावणेपाच लाखांच्या घरात जाते. त्यांचं गिऱ्हाईक ओळखीचं आहे, जवळा-सोडे उधारीवर नेणारं आहे, ते पोयनाडला त्यांच्यामागे येणार नाही. शाळा सुटल्यावर तुमची मुलगी सहापर्यंत शेजारच्या काकूंकडे असते. तिकडे गेलात की ते काम पैसे देऊन करून घ्यावं लागेल. सहा लाखांची जमीन अशी महाग पडते.

म्हणून अलिबागच्या आसपासच राहा, पण 32 लाखांचा फ्लॅट नको. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील मिळून वर दोनेक लाख. मिळणारे नऊ आणि शिल्लक तीन यातून हाताशी एक लाख ठेवलात तर कर्ज 23 लाखांचं, हप्ता जवळजवळ 20 हजार. हा हप्ता सरासरी कमाईवर न मोजता यजमानांच्या जून-जुलैच्या कमाईवर मोजा. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद, पर्यटक कमी, मिनीडोर स्टँडवर उभी. (शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी यजमानांचा धंदाही वाढवला आणि जागांचे भावही, हा आपल्याकडचा विनोद आहे.) माझ्या मते कर्ज 17 लाखांपुढे नेऊ नका. त्याचा हप्ता पावणेपंधरा हजारांच्या आसपास. गाडी नऊ लाखांवरच अडली तर 26 लाखांपर्यंतचा जुना, एखादा वन आरके पाहा. बारापर्यंत चढले तर 29 पर्यंत जाता येईल. चेंढऱ्याखेरीज वेश्वी, कुरूळकडेही चौकशी करा. घर तुमच्या नावावर घ्या, महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याज अनुदान आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त 1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर. तुम्ही उत्पन्नाच्या अटीत बसता. खरी अडचण दुसरीकडे असते: तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. गावच्या घराच्या घरपट्टी उताऱ्यावर यजमानांचं नाव भावांसोबत लागलंय का, ते अर्जाआधी बघून घ्या. बिल्डरच्या माणसाने "अनुदान धरून" सांगितलेला हप्ता मात्र मनावर घेऊ नका.

राहिला रोखीचा प्रश्न. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानुसार दंड घेणाऱ्यालाच होतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढाच असू शकतो. भाडेहक्क सोडल्याचे पैसे दीर्घकालीन भांडवली नफ्यात मोडतात, त्यावर 12.5 टक्के कर आहे. तीच रक्कम दोन वर्षांच्या आत घर विकत घेण्यात घातली तर सूट मागता येते. पण त्यासाठी पैसे कागदावर यायला हवेत. चार लाख रोख घेतलेत तर ते घरखरेदीत दाखवणार कसे? सगळी रक्कम बँकेतून घ्या, करार नोंदणीकृत करा, आणि नव्या घराची किल्ली हातात येईपर्यंत जुन्या खोलीची देऊ नका. "आधी खोली रिकामी करा, मग चेक" म्हणाले तर थेट वकिलांचा नंबर द्या.