पदक, मानचिन्ह आणि खांद्यावरची झालर

प्रश्न असा आला आहे: "एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन आरमारी अधिकाऱ्याच्या तैलचित्राचं वर्णन मराठीत लिहितो आहे. छातीवर, गळ्यात, तलवारीच्या मुठीवर जे जे दिसतं त्या सगळ्याला 'पदक' म्हटलं तर चालेल का? खांद्यावरच्या सोनेरी झुबक्यांना मराठी शब्द काय? आणि एका क्रॉसवर रशियन अक्षरांत '१८ कांप.' असं आहे, त्याचं '१८ मोहिमा' बरोबर होईल का?"

तिन्हींचं थोडक्यात उत्तर 'नाही' असंच आहे, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

'पदक'पासून सुरुवात करतो, कारण हा शब्द मला फार आवडतो. शाळेच्या बक्षीस समारंभाच्या कितीतरी आधीपासून पदक मराठीत दागिना म्हणून नांदत होतं. माझी आजी मोहनमाळ काढून ठेवताना आधी मधलं पदक मुठीत धरायची आणि मग माळ ओंजळीत सोडायची. गळ्यातून छातीवर लोंबतं ते पदक. त्यामुळे मेडलला हा शब्द चपखल बसला. अडचण एवढीच की रशियन माणूस छातीवरच्या या वस्तूंचे दोन वर्ग करतो. 'मेदाल' वेगळं आणि 'ओर्देन' वेगळा. चित्र वाचायचं तर हा फरक सोडून चालणार नाही.

मेदाल म्हणजे आपलं पदक: एखाद्या घटनेत तुम्ही होतात याची खूण. क्रिमियन युद्धात, १८५४-५५ मध्ये, काळ्या समुद्रावरच्या सेवास्तोपोल या रशियन बंदराचा वेढा ३४९ दिवस चालला. त्या बचावासाठी निघालेलं रुपेरी पदक खलाशांना मिळालं, सैनिकांना मिळालं, जखमींची सेवा करणाऱ्या स्त्रियांनाही मिळालं. ओर्देन मात्र मुळात वस्तूचं नावच नाही. तो एक संघ आहे, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि त्यात तुम्हाला दाखल करून घेतलं जातं. अंगावर दिसतो तो क्रॉस किंवा तारा ही त्या दाखल्याची खूण. असा दाखल झालेला माणूस रशियनमध्ये 'काव्हालेर'.

इथे मराठीने आपलं काम आधीच करून ठेवलंय. आपण 'परमवीरचक्राचे मानकरी' म्हणतो, पण 'पदकाचे मानकरी' म्हणताना जीभ जरा अडखळते. तिथे 'पदकविजेते' येतं. गावच्या जत्रेत पालखीपुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेलं असतं, तेच मानकरीपण. ओर्देनचं मर्मही हेच. म्हणून माझी सूचना अशी: मेदालला 'पदक', ओर्देनच्या खुणेला 'मानचिन्ह' आणि काव्हालेरला 'मानकरी'. 'बिल्ला' मात्र टाळा. त्या शब्दाला कचेरीच्या दारातल्या शिपायाचा वास आहे. हिंदी-उर्दूतला 'तमगा'ही नको. तो मूळ तुर्की शब्द, अर्थ शिक्का किंवा खूण, आणि तो रशियनमध्येही गेलाय, पण तिथे त्यापासून झाला 'तामोझ्न्या', म्हणजे जकातखातं!

आता चित्राकडे. सेंट जॉर्जचं मानचिन्ह रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने १७६९ मध्ये स्थापन केलं. त्याच्या चार श्रेणी. चौथ्या श्रेणीचा पांढऱ्या मिन्याचा क्रॉस डाव्या छातीवर. तिसऱ्या श्रेणीचा गळ्यात. दुसऱ्या श्रेणीला गळ्यातल्या क्रॉसबरोबर छातीवर तारा. पहिल्या श्रेणीला खांद्यावरून तिरका रुंद पट्टा आणि तारा. म्हणजे वस्तू कुठे लटकते यावरून श्रेणी कळते. 'गळ्यातला जॉर्ज' एवढं लिहिलं तरी जाणकाराला माणसाची पायरी समजते, म्हणून वर्णनात जागा सांगायला विसरू नका. 'तारा' लिहिलात तर आकारही सांगा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पाच टोकांची चांदणी उभी राहील, आणि जॉर्जचा तारा असतो शंकरपाळ्यासारखा, टोकावर उभा केलेला सोनेरी चौकोन. मधल्या चकतीभोवती ब्रीदवाक्य: 'सेवा आणि शौर्य यांसाठी'. ('ब्रीद' हा शब्दही इथे किती शोभतो! पूर्वी ब्रीद अंगावर बांधायचे. ती मिरवण्याची खूण होती. आता त्यातलं वाक्य तेवढं उरलंय.)

तलवारीच्या मुठीवरची छोटी लाल चकती म्हणजे सेंट आन्नाचं मानचिन्ह, सर्वांत खालच्या श्रेणीचं. रशियन अधिकारी लाडाने तिला 'क्ल्युक्वा' म्हणत. ते तिकडच्या दलदलीत पिकणारं एक लाल आंबट फळ. मराठीत 'गुंज' म्हणायचा मोह होतो, पण गुंजेबरोबर सोनाराचं वजन आठवतं. 'क्ल्युक्वा'च ठेवा आणि अर्थ सांगा.

'१८ कांप.'वर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण 'मोहीम' लिहिलं तर त्या माणसाच्या आयुष्याचा अर्थच बदलतो. मराठीत मोहीम म्हटलं की स्वारी, शत्रू, लढाई. रशियन आरमारात 'कांपानिया' म्हणजे जहाज समुद्रावर असण्याचा एक मोजलेला काळ. बाल्टिकचा मोठा भाग हिवाळ्यात गोठतो, बर्फ फुटलं की जहाजं बाहेर पडायची. आपल्या कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन होड्या लोटतात, तेव्हा म्हणतात 'हंगाम सुरू झाला'. हाच शब्द इथे हवा: 'समुद्रावरचे १८ हंगाम'. भूदलातल्या अधिकाऱ्याला २५ वर्षांच्या निष्कलंक नोकरीबद्दल चौथ्या श्रेणीचा जॉर्ज मिळे, आणि त्याच्या क्रॉसवर '२५ वर्षं' असं लिहिलेलं असे. आरमारी अधिकाऱ्यासाठी हिशोब हंगामांचा. १८५५ मध्ये ही सोय जॉर्जकडून काढून सेंट व्लादिमिरच्या मानचिन्हाकडे दिली. म्हणजे तुमच्या चित्रातला क्रॉस पांढरा, जॉर्जचाच असेल आणि त्यावर खरोखर तसं लिहिलेलं असेल, तर ते मानचिन्ह १८५५ नंतर दिलेलं नाही. चित्राचा काळ ठरवायला याचा उपयोग होईल.

खांद्यावरचे झुबके म्हणजे एपोलेट. शब्द फ्रेंच, त्यात 'एपोल' म्हणजे खांदा. सोनेरी जरीचा पट्टा, त्याच्या बाहेरच्या टोकाला गोल चकती आणि चकतीच्या कडेने झालर. झालरीवरूनही हुद्दा कळे. कनिष्ठ अधिकाऱ्याला झालर नाही, मधल्याला बारीक, ॲडमिरलला जाड पिळाच्या कलाबतूची. ॲडमिरलच्या चकतीवर काळे, दोन डोक्यांचे गरुड: रिअर ॲडमिरलला एक, व्हाइस ॲडमिरलला दोन, पूर्ण ॲडमिरलला तीन. (त्याला 'गंडभेरुंड' म्हणू नका. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा तो पक्षी वेगळ्या कल्पनेतून आलाय.)

कुणी 'स्कंधत्राण' सुचवेल. त्राण म्हणजे रक्षण, आणि सेवास्तोपोलमध्ये घडलं ते नेमकं उलट. युद्ध चालू असतानाच, १८५४ मध्ये, अधिकाऱ्यांना साध्या खांदपट्टीचे सैनिकी ओव्हरकोट दिले गेले, कारण एपोलेट चमकले की शत्रूचा नेमबाज माणूस हेरत असे. त्या साध्या पट्टीचं रशियन नाव 'पगोनी'. आपल्या फौजदाराच्या खांद्यावर स्टार असतात तशीच पट्टी. ॲडमिरल पावेल नाखिमोव मात्र तटावर शेवटपर्यंत काळ्या कोटावर एपोलेट लावूनच फिरत राहिला. १० जुलै १८५५ रोजी मालाखोव टेकडीवर त्याच्या डोक्यात गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो गेला. म्हणून 'त्राण' नको. 'स्कंधभूषण'ही पुस्तकी वाटतं. पहिल्यांदा 'झालरीचा एपोलेट' लिहा, पुढे नुसता 'एपोलेट', आणि पगोनीला 'खांदपट्टी'.

शेवटी 'रिबन'बद्दल. तुम्ही ते विचारलेलं नाही, तरी सांगतो: 'फीत' लिहा. 'आरमार'सारखाच हाही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. जॉर्जची फीत म्हणजे तीन काळे आणि दोन नारिंगी पट्टे. नवारिनोच्या लढाईत, १८२७ मध्ये, 'अझोव' या एकाच जहाजावर नाखिमोव होता आणि कोवळा व्लादिमिर इस्तोमिनही होता. नाखिमोवला मिन्याचा चौथ्या श्रेणीचा क्रॉस मिळाला. इस्तोमिन अजून अधिकारी झाला नव्हता. त्याला मिळाला सैनिक-खलाशांसाठीचा साधा रुपेरी क्रॉस. फीत दोघांची एकच, पण मानकरी ठरला तो नाखिमोव. पुढे सेवास्तोपोलमध्ये रिअर ॲडमिरल इस्तोमिनच्या गळ्यात तिसऱ्या श्रेणीचा जॉर्ज आला. मार्च १८५५ मध्ये तोफेच्या गोळ्याने त्याचं डोकं उडालं. नाखिमोवने इस्तोमिनच्या भावाला पत्र लिहिलं आणि त्यासोबत इस्तोमिनच्या गळ्यातल्या त्या फितीचा एक तुकडा पाठवला. क्रॉसचे बारीक तुकडे झाले होते, हेही त्याच पत्रात कळवलं.