जुन्या पद्मिनीचा रंग उतरवण्याचा खर्च

प्रीमियर पद्मिनीची बॉडी पत्र्यापर्यंत सोलून घेण्याआधी गॅरेजवाल्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यात जीएसटी धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के कर, म्हणजे राज्याचा ९ आणि केंद्राचा ९ टक्के, लागत असल्याने ४०,००० रुपयांचे काम प्रत्यक्षात ४७,२०० रुपयांना पडते. कंपोझिशन योजनेतील (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याची सोय) गॅरेजला मात्र ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, त्यामुळे तेथील बिलावर तशी ओळ दिसल्यास जरूर हरकत घ्यावी.

संपूर्ण गाडीवर सरसकट सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून रंग काढणे, करू देऊ नये. छत, बॉनेट आणि दारांचे रुंद पत्रे त्या माऱ्याने लहरतात, आणि पुढे ते सरळ करण्याची मजुरी वाचवलेल्या वेळेपेक्षा महाग पडते. तेथे पेंट रिमूव्हर आणि खरवडणीच बरी. माझ्या गाडीच्या सिलवरची (दाराखालच्या पट्टीवरची) पुट्टी निघाली तेव्हा आत पत्रा नव्हताच, नुसता गंजाचा भुगा हातात आला, म्हणून वेल्डिंगसाठी वेगळी रक्कम राखून ठेवा. एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, रंग उतरवला त्याच दिवशी मारण्याचे दरातच ठरवून घ्यावे, कारण पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.