लेकीने विचारलं, "कुठला धर्म बाटवतो आणि कुठला मारतो?"

ताई, तुमचं पत्र मिळालं. माहेर तासगावचं, संसार बर्मिंगहॅमला आणि लेक दहावीच्या वयाची. तिकडे जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, धर्म विषयात 'धर्म, शांतता आणि संघर्ष' असा भाग शिकवतात. शाळेत ते शिकून यायचं आणि घरी फॅमिली ग्रुपवर काकांनी पाठवलेले व्हिडिओ बघायचे. मग एक दिवस तिने जेवताना हा प्रश्न टाकला. तुम्ही "सगळे धर्म चांगलंच शिकवतात" म्हणालात आणि ती ताटावरून उठून गेली.

तिचं चुकलं नाही. सगळे धर्म एकच सांगत नाहीत, हे तिला केव्हाच कळलंय. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत इतरांना बोलावणं हे कर्तव्य मानतात. ज्यूंमध्ये दारात आलेल्याला आधी परतवून बघायची परंपरा आहे. पारशांचे बहुतेक दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, बाहेरच्याला घेतच नाहीत. आणि आपल्यात कोणी यायचं म्हटलं, तर त्याला कुठल्या जातीत घ्यायचं इथेच घोडं अडायचं.

पण बोलावण्यात वाईट काय? मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढलं. तुमच्या-आमच्या कितीतरी घरांतली माणसं तिथून बरी होऊन आली आणि पुढेही आपल्याच कुलदैवताला गेली. माझं स्पष्ट मत आहे की धर्म पारखायचा तर त्याला सोडून जाणाऱ्याशी तो कसा वागतो ते बघावं. लेकीला हीच कसोटी द्या आणि ती सगळ्यांना सारखी लावायला सांगा.

कुराणात 'धर्मात सक्ती नाही' असं वचन आहे. तरीही जुन्या इस्लामी न्यायशास्त्रात बहुतेक पंडितांनी धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आणि काही देशांच्या कायद्यात तो आजही आहे. दोन्ही गोष्टी सांगा, एक लपवू नका. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, इन्क्विझिशन म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय चालू होतं. बाटल्यावरही घरात गुपचूप जुने रिवाज पाळणाऱ्यांवर खटले भरले जात. त्याच कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचं जाहीर केलं. अहिंसा सांगणाऱ्या बुद्धाच्या म्यानमारमध्ये काही भिक्खूंनीच मुसलमानांविरुद्ध लोकांना पेटवलं. म्हणजे पोथीत काय लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. सत्ता आणि जमाव हाताशी आला की माणसं काय करतात, तेही बघावं लागतं.

आता आपल्याकडे या. इथे बहुतेक पालक गप्प होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फलटणचे बजाजी निंबाळकर मुसलमान झाले आणि पुन्हा हिंदू धर्मात आले. तेव्हा शिवाजी महाराजांनी आपली लेक सखुबाई त्यांच्या मुलाला दिली. सोयरीक केल्याशिवाय समाज परत आलेल्याला आपलं म्हणणार नाही, हे महाराज ओळखून होते. आणि सोडून जाणारे? १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव दाखल झाला. वर्गात त्याने बसायचं वेगळ्या गोणपाटावर. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा; शिपाई नसला की पाणी नाही. या मुलाने १९५६ मध्ये नागपूरला लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांना कोणी आमिष दाखवलं, हे लेकीने काकांना जरूर विचारावं.

हिंसेचंही तसंच. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. काकांच्या व्हिडिओंत हे गाव येणार नाही. ते तुम्ही सांगायला हवं.

त्याच खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात ते एका घराचं चित्र काढतात: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. हे पुस्तक १८९१ मध्ये आलं. तो उतारा लेकीबरोबर बसून मराठीतूनच वाचा, अडेल तिथे थांबून बोला.

आणि ताई, तुमच्या मनातली भीती पत्राच्या शेवटच्या ओळीत दिसली: उद्या तिनेच कोणी दुसऱ्या धर्मातला पसंत केला तर? आधी त्या मुलाच्या घरच्यांना विचारा: लग्नासाठी तिने धर्म बदलावा अशी अट आहे का, नंतर तिला नकोसं झालं तर मोकळीक आहे का. तेच दोन प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारा. तिने आपणहून धर्म बदलला, तर दिवाळीला तिच्यासाठी दार उघडं राहील का? त्याचं उत्तर तिला आजच ऐकू द्या. नुसतं तोंडदेखलं 'हो' असेल तर तिला लगेच कळेल.

काकांशी ग्रुपवर वाद घालू नका; चार माणसांत कोणी माघार घेत नाही. रविवारी फोन लावा आणि "हा व्हिडिओ कुठल्या गावचा, कधीचा?" एवढंच आदराने विचारा. पुढच्या वेळी गावी येताना मोहरमची तारीख बघून तिकिटं काढा, कारण ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कडेगावला हिंदू-मुसलमान मिळून उभारलेल्या उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात. लेकीला तिथे न्या आणि हवं ते, हवं त्याला विचारू द्या. काकांनाही बरोबर घ्या.