चढती बेरीज जानेवारीत कोसळते तेव्हा एप्रिलपासूनचे आकडेही तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या खते-औषधांच्या दुकानाची विक्री टॅलीतून (हिशेबाचं सॉफ्टवेअर) पॉवर बीआयमध्ये (आकड्यांचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर) आणली आणि चढत्या बेरजेचा, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासून त्या महिन्यापर्यंतच्या एकूण विक्रीचा, आलेख काढला. रेघ डिसेंबरला ३ कोटी १२ लाखांवर जाते आणि जानेवारीत एकदम १६ लाखांवर येते. सूत्र 'टोटलवायटीडी'चंच (TOTALYTD, वर्षारंभापासूनची बेरीज देणारं) आहे, मग बिघडलं कुठे?

तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, हे त्या सूत्राला सांगितलेलं नाही. सांगितलं नाही तर ते ३१ डिसेंबर धरून चालतं. जानेवारीची घसरण निदान डोळ्यांना दिसते. मला जास्त काळजी वाटते ती आधीच्या नऊ महिन्यांची. एप्रिल ते डिसेंबरची विक्री टॅलीत २ कोटी ६८ लाख आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग वरचे ४४ लाख कुठले? ते मागच्या आर्थिक वर्षातल्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे. ते एप्रिलच्या बिंदूतच मिसळलेत, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याने फुगलाय.

उपाय सोपा आहे. सूत्रात शेवटी दुहेरी अवतरणचिन्हांत "३-३१" द्या. महिना आधी, दिवस नंतर, आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरचे.

एवढ्यावर थांबू नका, तारखांचं वेगळं टेबल करा. विक्रीच्या टेबलातली बिलाची तारीख थेट वापरू नका, कारण दुकान बंद असलेल्या दिवसांच्या तारखा तिथे नसतातच. १ एप्रिल ते ३१ मार्च अशी पूर्ण वर्षं हवीत, मध्ये एकही दिवस गाळलेला नको. मग त्या टेबलाला 'मार्क अ‍ॅज डेट टेबल' करा, म्हणजे हेच तारखांचं टेबल आहे असं पॉवर बीआयला सांगा. दोन टेबलं २०२४०४०१ अशा आकडी तारखेने जोडली असतील आणि हे राहिलं, तर बेरीज चढतच नाही, प्रत्येक महिन्यासमोर त्याच महिन्याची विक्री दिसते. सेटिंग्जमधलं 'ऑटो डेट/टाइम' बंद करा. ते जानेवारी-डिसेंबरचीच उतरंड लावतं.

त्याच टेबलात दोन कॉलम वाढवा. एक आर्थिक वर्षाचा, '२०२४-२५' असा. दुसरा महिन्याच्या क्रमाचा: एप्रिलला १, मार्चला १२ (महिना ४ किंवा पुढचा असेल तर ३ वजा, नाहीतर ९ अधिक). महिन्याच्या नावाला 'सॉर्ट बाय कॉलम'ने हा क्रम लावा, नाहीतर एप्रिलनंतर ऑगस्ट येतो. आडव्या अक्षावर महिना, 'लेजंड'मध्ये (रेघा वेगळ्या करणारा रकाना) आर्थिक वर्ष. दरवर्षीची रेघ एकाच आलेखात शेजारीशेजारी दिसेल.

चालू वर्षाची रेघ पुढच्या महिन्यांत सपाट लांबत जाते, तीही थांबवा. शेवटच्या बिलाची तारीख 'ऑल' (सगळे फिल्टर काढणारं सूत्र) लावून विक्रीच्या पूर्ण टेबलातून काढा, आणि महिन्याचा पहिला दिवस तिच्या पुढचा असेल तर 'ब्लँक', म्हणजे रिकामी जागा, द्या. ते केलं नाही तर धंदा ठप्प झाल्यासारखं दिसतं आणि मालक दचकतात. चालू महिना अर्धाच असतो, त्याची मागच्या वर्षाच्या पूर्ण महिन्याशी तुलना करू नका. बेरजेत रक्कम जीएसटी सोडून घ्या, आणि परत आलेला माल वजा करा. त्याने रेघ एखाद्या महिन्यात खाली आली तरी ती खरी आहे.

आपल्याकडच्या द्राक्षबागांमुळे तुमचा आलेख एकसारखा चढणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीला (नव्या फांद्यांसाठीची) थोडी उसळी येईल, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची) फवारण्या सुरू झाल्या की रेघ उभी चढेल. म्हणून वर्षाचं उद्दिष्ट बाराने भागून सरळ रेघ मारू नका. तशी रेघ सप्टेंबरपर्यंत तुम्हाला मागे दाखवेल. मागच्या वर्षीची चढती रेघच शेजारी ठेवा.

द्राक्ष निर्यात करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा माल जानेवारी ते एप्रिल जातो आणि ३१ मार्च तो हंगाम मधोमध कापतो. हिशेबाला आर्थिक वर्षच लागतं, पण हंगाम पाहायचा असेल तर '९-३०' देऊन दुसरं मेजर (बेरजेचं सूत्र) करा, आणि ऑक्टोबरपासून सुरू होणारे वर्षाचे व महिन्याच्या क्रमाचे कॉलमही वेगळे ठेवा.